चेंडू आधी, माती नंतर

माझा भाऊ गल्फमध्ये गोल्फच्या मैदानावर कामाला आहे. एवढं साधं वाक्य, पण धुळ्यात आमच्या गल्लीत ते कुणालाच धड ऐकू गेलं नाही. अब्बा कौतुकाने सांगायचे, "पोरगा गोल्फमध्ये असतो." समोरचा मान डोलावून म्हणायचा, "असं का? आमचा भाचाही गल्फमध्येच असतो." मग अब्बा हाताने काठी फिरवून दाखवायचे, आणि समोरच्याला क्रिकेट वाटायचं. शेवटी त्यांनी नाद सोडला. "बाहेर असतो," एवढंच सांगायला लागले.

मी त्याला भाई म्हणते. मी दहावीची परीक्षा दिली त्याच उन्हाळ्यात तो गेला. आमचं गाद्या-रजयांचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे मातीचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली कापूस पिंजायचं यंत्र. गादीच्या कडेला भाई असे टाके घालायचा की लोक नाव घेऊन त्याच्याच हातची गादी मागायचे. पण फोमच्या गाद्या आल्या आणि आमच्याकडे लग्नसराई आणि थंडी एवढ्यापुरतंच काम उरलं. ओळखीतल्या एकाने निरोप आणला, तिकडे वाळवंटात गवत वाढवायचं काम आहे, मेहनती माणूस पाहिजे. आम्ही सगळे खूप हसलो होतो. गवत वाढवायला वाळवंटात जायचं! अम्मी मात्र हसली नाही. ती त्याच्या बॅगेत ठेवायला शेवेचं पाकीट बांधत राहिली.

त्यानंतर भाई म्हणजे शुक्रवारचा फोन. दुपारची नमाज झाली की फोन वाजायचा. आधी अम्मी बोलायची, मग अब्बा, आणि माझ्या वाट्याला शेवटची दोन-चार वाक्यं यायची. "अभ्यास चाललाय ना? चालू दे." माझं बी.ए. झालं, बी.एड. झालं, मी एका मराठी शाळेत शिकवायला लागले, ते सगळं मी त्याला त्या दोन-चार वाक्यांत सांगितलं. दोन वर्षांतून एकदा तो महिनाभर यायचा. पण तो महिना पाहुण्यांचा असायचा. कधी मामूंकडे मालेगावला, कधी खालांकडे जळगावला, दावत, लग्नं, भेटी. त्यातल्याच एका सुट्टीत त्याचं स्वतःचं लग्न उरकलं. भाभी घरात आली, आणि शुक्रवारच्या फोनमध्ये तिचाही वाटा आला. तो गेल्यावर मी दरवेळी स्वतःशी म्हणायचे, या खेपेला पण त्याच्याशी बोलायचं राहूनच गेलं.

मग अम्मी गेली. भाईला यायला मिळालं नाही. त्याने फोनवरच सगळं ऐकलं, आणि आम्ही फोनवरच त्याचं रडणं ऐकलं.

पुढच्या सुट्टीवर तो आला आणि काही दिवसांतच कोरोनामुळे विमानं बंद झाली. गावंच बंद झाली. भाई हवालदिल झाला. कंपनीचा फोन लागेना, परत बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. अब्बा त्याला धीर देत होते, भाभी काळजीत होती. मीही चेहरा तसाच ठेवला होता. पण आतून मला आनंद झाला होता. पाहुणे नाहीत, दावत नाही, कुठे जाणं नाही. भाई घरात, आणि मी घरात.

त्याने बॅगेतून गोल्फची काठी काढली ती अशाच एका रिकाम्या सकाळी. टॉवेलात गुंडाळलेली होती. लांब, चकचकीत दांडा, खाली तळहाताएवढं लोखंडाचं तिरकं पातं, आणि त्यावर सातचा आकडा. कुणी साहेब देश सोडून जाताना त्याला देऊन गेला होता. सोबत एका मोज्यात भरलेले चेंडू, तिथल्या मैदानातल्या तळ्यातून काढलेले, काहींवर अजून हिरवट डाग.

"खेळतोस तू?" मी विचारलं.

"खेळायला कुठे मिळतं? मैदान बंद असतं त्या संध्याकाळी आम्हाला थोडा वेळ मारू देतात. एका कोपऱ्यात उभं राहून. तेवढंच."

आमच्या घरात हिंदी, अहिराणी आणि मराठीची खिचडी चालते. भाई त्या काठीबद्दल बोलायला लागला की मध्येच इंग्रजीही यायचं, त्याच्या साहेबांच्या तोंडचं. मला त्याची गंमत वाटायची. मी त्या काठीला सात नंबर म्हणायला लागले, मग घरात तेच नाव पडलं.

अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेवर आम्ही एक जुनी, भरगच्च कापसाची गादी टांगली. एवढी जड की तार मध्ये वाकून खाली आली. भाईने तिच्यासमोर मातीवर चेंडू ठेवला, उभा राहिला, आणि मी काही समजायच्या आत काठी फिरली. आवाज झाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. सुपारी अडकित्त्यात फुटते तसा, पण त्याहून ओला. गादीत धप्पकन खळगा पडला. यंत्राजवळून अब्बा ओरडले, "काय फुटलं रे?"

"काही नाही अब्बा, चेंडू."

"मला दे," मी म्हणाले.

"हात झिणझिणतील."

"दे ना."

मी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि जोर लावून मारलं. पातं चेंडूच्या वीतभर मागे जमिनीत रुतलं. खांद्यापर्यंत कळ गेली. चेंडू जागच्या जागी, आणि मातीचा लपका भाभीने नुकत्याच वाळत घातलेल्या चादरीवर. भाभी दारात उभी होती. ती चादरीकडे बघून काही बोलणार होती, पण माझा चेहरा बघून पोट धरून हसायला लागली. घरात कितीतरी दिवसांनी कुणी तसं हसलं असेल.

भाई हसला नाही. तो उकिडवा बसून जमिनीला पडलेली जखम बघत होता.

"तू चेंडू उचलायला गेलीस," तो म्हणाला.

"उचलल्याशिवाय तो उडणार कसा?"

"हे तोंड बघ. तिरकं आहे ना? उडवायचं काम याचं. तुझं काम फक्त खाली उतरायचं. आधी चेंडू, मग माती. माती लागायलाच हवी, पण चेंडूच्या पुढची."

मला ते पटलं नाही. वर पाठवायच्या वस्तूला खाली मारायचं, हे डोक्याला समजलं तरी हाताला समजत नाही. पुढचे कितीतरी दिवस मी चेंडूखाली पातं घालून त्याला उचलायलाच बघत होते. एकतर मागची माती उडायची, नाहीतर त्या भीतीने मी काठी वर घ्यायचे आणि पात्याची कड चेंडूच्या डोक्यावर लागायची. मग तो जमिनीवरून सुसाट सरपटत जाऊन गादीच्या खालून निघायचा आणि यंत्राच्या पत्र्यावर ठणकन आदळायचा. अब्बा आतून म्हणायचे, "आला, आला, पाव्हणा आला."

भाईला शिकवायची घाई नव्हती. माझी एवढीशी प्रगती झाली की तो एवढीशीच मान हलवायचा. एक दिवस त्याने दुकानातून गादीच्या खोळीच्या कापडाचा पट्टा आणला, निळ्या-पांढऱ्या रेघांचा, आणि चेंडूच्या मागे चार बोटं सोडून पसरला.

"हे कापड हललं नाही पाहिजे."

कापड हललं. हललं म्हणजे काय, काठीला गुंडाळून वर गेलं आणि माझ्या खांद्यावर येऊन पडलं.

"पुन्हा," तो म्हणाला.

मग त्याने मला अर्धाच हात फिरवायला लावला. कमरेपर्यंत न्यायचा, कमरेपर्यंत आणायचा. मारताना अंग डाव्या पायावर यायला हवं, आणि हात चेंडूच्या थोडे पुढे. मी उजव्या पायावरच रेलून राहायचे. तो माझ्या उजव्या टाचेखाली विटेचा तुकडा ठेवायचा, म्हणजे मागे रेलायला जागाच उरायची नाही. सकाळी ऊन चढायच्या आत हे चालायचं. त्यानंतर अंगणाचा तवा व्हायचा. मग आम्ही दाराच्या सावलीत बसून पाणी प्यायचो, आणि त्या वेळात भाई बोलायचा. मला ऐकायचं होतं ते हे. तिकडे पहाटे गवतावरचं दव लांब काठीने झटकतात. गवत इतकं बारीक कापलेलं असतं की त्यावरून तळहात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटतं. त्याच्या खोलीत सहा जण राहतात आणि त्यातला एक आंध्रचा म्हातारा रात्री झोपेत तेलुगूत हिशेब करतो. शुक्रवारच्या फोनमध्ये यातलं काही आलं नव्हतं.

बंधनं थोडी सैल झाल्यावर आम्ही साक्री रोडच्या पुढे जायला लागलो. तिथे शेतजमिनीचे प्लॉट पाडले होते, कोपऱ्याकोपऱ्यांवर दगड रोवले होते, पण घरं काही झाली नव्हती. काळी जमीन. कोरडी असली की दगडासारखी, काठी तिच्यावरून उसळी खायची. पाऊस पडून गेला की चिकट, पात्याला लगदा बसायचा. दोन पावसांच्या मधली सकाळ, वरून थोडी सुकलेली, आतून ओली, ती खरी. भाई चपलेच्या टोकाने जमीन दाबून बघायचा आणि म्हणायचा, "आज चालेल." आधी तो मारायचा, मग मी, आणि मग दोघं मिळून गोखरूच्या काट्यांतून चेंडू शोधत फिरायचो.

एक आबा तिथे म्हैस चारायला यायचे. पहिल्या दिवशी ते लांब उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी जवळ आले. मी मारलेल्या ठिकाणी पडलेले खड्डे बघितले आणि मला म्हणाले, "काय करी ऱ्हायनी वं माय?"

"खेळी ऱ्हायनूत, आबा," भाईने उत्तर दिलं.

"हाई काय खेळ शे? बठ्ठी जमीन उकरी टाकी!" त्यांनी काठीचं पातं हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं. "सोनं सापडनं ते माले बी सांगज्यात."

त्यानंतर रोज लांबूनच विचारायचे, "सापडनं का?" आणि आम्ही हात हलवून नाही म्हणायचो.

माझा पहिला नीट लागलेला चेंडू भाईने बघितलाच नाही. तो प्लॉटच्या दगडावर बसून चपलेतला काटा काढत होता. मी कंटाळलेले होते, त्या सकाळी काहीच जमलं नव्हतं, आणि डोक्यात दुपारच्या ऑनलाइन तासाचा विचार चालला होता. मी फारसं मनावर न घेता काठी फिरवली. हाताला काही जाणवलंच नाही. कळ नाही, धक्का नाही. चेंडू चुकला की काय म्हणून मी खाली बघितलं. चेंडू होता त्याच्या पुढे मातीची एक पातळ खपली निघाली होती, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. आणि तो आवाज, अंगणात पहिल्या दिवशी ऐकलेला, तो माझ्या पायाशी झाला होता.

भाईने मान वर केली. "कुणी मारला?"

तिथे आम्ही दोघंच होतो.

"मी."

"गेला कुठे?"

मला माहीत नव्हतं. मी खाली बघत होते, तो काटा बघत होता. तो चेंडू आम्हाला सापडला नाही. बाभळीच्या पलीकडे नाल्यापर्यंत जाऊन शोधला. भाई पुढे झुकून झुडपं बाजूला करत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "इतक्या लांब नसेल गेला. असेल का गेला?" शेवटी नाल्याच्या काठावर उभा राहून त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मी शाळेत असताना मारायचा तशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे चेंडू मातीतच गेले, पण आता हाताला कळलेलं होतं की काय शोधायचं आहे.

पाऊस सरला, बाजरी कापून झाली, प्लॉटवरचं गवत पिवळं पडलं. एका सकाळी मी चेंडूसमोर उभी होते, काठी टेकवलेली, अंग डाव्या पायावर. तेव्हा मागून भाईने विचारलं,

"अम्मी शेवटी काय बोलली?"

इतक्या महिन्यांत त्याने ते विचारलं नव्हतं. घरात भाभी असायची, अब्बा असायचे. अब्बांसमोर अम्मीचं नाव निघालं की ते उठून यंत्राकडे जायचे, म्हणून आम्ही कुणी नाव काढायचो नाही. मी काठी फिरवली नाही. खाली ठेवली आणि त्याच्या शेजारच्या दगडावर जाऊन बसले.

मी त्याला सांगितलं. शेवटच्या दोन दिवसांत ती फार बोलत नव्हती. पाणी मागायची. पायाला गारवा लागतो म्हणायची, तेव्हा अब्बांनी तिच्यासाठी नवी रजई भरली, तिला आवडतो तसा मऊ कापूस घेऊन. आणि झोपेतून जागी झाली की विचारायची, "आज जुम्मा आहे का?"

"मग?"

"त्या दिवशी मंगळवार होता. मी सांगितलं मंगळवार आहे. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मग अब्बा म्हणाले, हो, जुम्मा आहे, आत्ता फोन येईल."

 भाईच्या हातात एक चेंडू होता, तो अंगठ्याने त्यावरची माती काढत राहिला, ती निघून गेल्यावरही. आबांची म्हैस आमच्या जवळून चरत गेली. आबांनी आमच्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी काही न विचारता पुढे गेले.

"मला वाटायचं," भाई म्हणाला, "की ती माझ्यावर रागावून गेली."

"ती कधी कुणावर रागावली?"

"तेच ना. म्हणून जास्त वाटायचं."

आम्ही ऊन चढेपर्यंत बसलो. घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, आज उशीर का, तर भाई म्हणाला, चेंडू सापडत नव्हते. त्या संध्याकाळी तो यंत्राजवळ अब्बांच्या शेजारी जाऊन बसला आणि दोघांनी मिळून एका गादीला टाके घातले. अब्बा एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने.  मी आणि भाभी स्वयंपाकघरातून बघत होतो, आणि भाभी मला म्हणाली, "हे असंच राहिलं तर?"  मला तेच हवं होतं, पण ते बोलून दाखवायची भीती वाटली.

विमानं सुरू झाली. कंपनीचा फोन आला तेव्हा भाई अंगणात होता. तो "यस सर, यस सर" म्हणत पत्र्याच्या दिशेने चालत गेला, आणि त्याच्या पाठीवरूनच आम्हाला कळलं. आठवडाभरात निघायचं होतं. पुन्हा सगळं सुरू झालं, भेटी, बॅगा, लोणच्याची बरणी, शेवेचं पाकीट. शेव बांधायला आता भाभी होती.

शेवटच्या सकाळी आम्ही प्लॉटवर गेलो. त्याने काठी हातात घेतलीच नाही. "तू मार. मी बघतो." मी मारत राहिले आणि एकही नीट लागला नाही. सगळे मागे, सगळे मातीत, अगदी पहिल्या दिवसासारखे. डोळे भरलेले असले की चेंडू जिथे दिसतो तिथे तो नसतो.

"घाई करतेस," तो म्हणाला.

"वेळ कुठे आहे?"

तो उठला, माझ्या मागे आला आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला नुसतं उभं केलं. "मारू नको. अशीच उभी राहा." आम्ही तसेच उभे राहिलो. समोर पिवळं गवत, पलीकडे हायवेवरचे ट्रक. मग तो म्हणाला, "सात नंबर इथेच ठेवतो. बॅगेत बसत नाही." ती बसून आली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

दुपारी तो मुंबईच्या गाडीत बसला. भाभी दारातून आत गेली आणि रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. अब्बांनी तारेवरची गादी खाली उतरवली, उसवली, तिचा कापूस पुन्हा पिंजला. मी त्यांना मदत केली. कापसातून मातीचे बारीक खडे निघत होते.

पुढे मला जळगावात शाळा मिळाली. मी तिथे खोली घेतली, आणि अब्बांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांना माझ्याकडे आणलं. भाभीने धुळ्याचं दुकान सोडलं नाही. ती आता रेडिमेड चादरी आणि अभ्रे ठेवते, आणि कुणी जुन्या पद्धतीची गादी मागितलीच तर तीही करून देते. भाईच्या सुट्ट्या मात्र लांबत गेल्या. कधी माणसं कमी आहेत, कधी नवा साहेब, कधी कागद अडकलेले. दोनाची तीन वर्षं झाली. फोनवर आता चेहरा दिसतो. तो दिसतो म्हणून अधिक त्रास होतो, हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्याच्या कानशिलाचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, आणि ते मी अब्बांबरोबर फोनच्या काचेवरच बघते.

मी शाळा भरायच्या आधी तिथल्या मैदानाच्या कडेला सराव करते. व्हिडिओ काढून त्याला पाठवते. काम संपलं की त्याचं उत्तर येतं, बोलून पाठवलेलं, मागे यंत्रांचा आवाज. "डोकं वर उचलतेस." "हात छान आहेत." "हा शेवटचा पुन्हा पाठव, आवाज नीट ऐकू आला नाही." चेंडू कसा लागला ते तो बघून नाही, ऐकून ओळखतो. एकदा मी अब्बांना सोबत नेलं होतं, तर व्हिडिओत ते खुर्चीवर बसून दाणे खाताना दिसले. त्या दिवशी माझ्या चेंडूबद्दल तो एक शब्द बोलला नाही. नुसतं विचारलं, "अब्बा इतके बारीक का दिसतात?"

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला सकाळी बघितलं. ते लोक भुसावळजवळच्या एका वसाहतीत राहत होते आणि तिथे साहेब लोकांसाठी छोटंसं गोल्फचं मैदान होतं. "मॅडम, तुम्ही एकदा या ना," ती म्हणाली. "तिथे सकाळी कुणीच नसतं. माझे मिस्टर विचारून ठेवतील." मी आधी टाळलं. मग हिवाळ्यातल्या एका रविवारी सात नंबर पिशवीत घालून बसने गेले.

मी तोवर खऱ्या गवतावर कधीच चेंडू मारला नव्हता. भाईने सांगितलं होतं तसं ते नव्हतं, जाडसर होतं, कडेने सुकलेलं. पण हिरवं होतं आणि ओलं होतं. मी चपला काढून थोडं चालले. त्या बाई हसल्या. मग मी चेंडू ठेवला आणि मारला. नीट लागला. काळ्या जमिनीवर शिकलेल्या हातांना तिथे काही अवघडच वाटेना. चेंडू उंच गेला, आणि मी या खेपेला मान वर करून तो पडेपर्यंत बघितला. पुढ्यात गवताचा एक तुकडा उखडून हातभर अंतरावर पडला होता, मुळांसकट, खाली माती चिकटलेली. मी तो उचलला आणि होता तिथे ठेवून तळहाताने दाबला.

"राहू द्या मॅडम," त्या बाई म्हणाल्या, "माळी करतो ते."

मी तरी दाबत राहिले. प्रत्येक चेंडूनंतर पुढे जायचे आणि तुकडा परत बसवायचे.

घरी आल्यावर भाईला फोन लावला. मला चेंडूबद्दल सांगायचं होतं, पण त्याने गवताबद्दलच विचारलं. किती उंच कापलेलं होतं? पाणी कधी घालतात? तुकडा किती जाडीचा निघाला? मी बोटांनी दाखवलं.

"छान. एवढाच निघायला हवा," तो म्हणाला. "पहिली दोन वर्षं मी फक्त हेच काम केलं, ठाऊक आहे? लोक मारून पुढे जायचे, आणि आम्ही बालदीत वाळू आणि बी घेऊन मागून खड्डे भरत जायचो. दिवसभर. अम्मीला मी सांगायचो, मला गवताच्या ऑफिसात बसवलंय."

"आणि तिला खरं वाटायचं?"

"ती विचारायची, पंखा आहे का."

आम्ही दोघं हसलो. अब्बांनी विचारलं, काय झालं, तर मी त्यांना फोन दिला, आणि ते भाईशी स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसले. मी खिडकीशी उभी राहिले. भाई एवढी वर्षं त्या गवतावर चालतोय, पण हातात काठी घेऊन, स्वतःचा चेंडू शोधत, सकाळच्या उन्हात या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकदाही चाललेला नाही. मला त्याला भुसावळला न्यायचं आहे. ते मैदान साधं आहे, त्याच्या साहेबांना दाखवण्यासारखं नाही. पण तिथे रविवारी सकाळी कुणी नसतं, आणि त्या बाईंनी सांगितलंय, कधीही या, भावाला घेऊन या.

यंदा सुट्टी मिळेल असं तो म्हणतो. मागच्या वर्षीही म्हणाला होता. भाभीने धुळ्याची खोली रंगवून घेतली आहे, अब्बा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून पोरगा कधी येणार ते विचारतात, आणि मी त्यांना खरं तेच सांगते, अजून पक्कं नाही. शाळेच्या मैदानाच्या कडेला काँग्रेस गवत फार माजलं होतं. मी ते उपटून एकाऐवजी दोघांना उभं राहता येईल एवढी जागा केली. सुट्टीनंतर जाऊन बघितलं तर पुन्हा उगवलेलं होतं. हातमोजे घातले आणि पुन्हा उपटलं.